‘पानी’ आणि ‘पाणी’ : मोबाईलवर बोलणाऱ्या आमच्या मुलांची मराठी

आजची तरुण मुले मोबाईलवर जे लिहितात ती मराठी बिघडलेली मराठी आहे, असा निकाल आपल्याकडे पुरावा न तपासताच दिला जातो. वर्तमानपत्रांतील पत्रव्यवहारापासून शिक्षकांच्या खोलीतील गप्पांपर्यंत सर्वत्र हाच सूर ऐकू येतो. निकाल देणाऱ्यांपैकी किती जणांनी ही भाषा सलग वाचली आहे, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. आणि ही मुले कोणाची, त्यांच्या घरात लिहिण्याची परंपरा किती पिढ्यांची, हा तर त्याहून कोणी विचारत नाही.

मी पोफळीचा. चिपळूण तालुक्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. गेली दोन वर्षे माझे काही विद्यार्थी आणि वाडीतील मुले-मुली यांनी आपखुशीने दाखवलेले व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप मी वाचत आलो. कोणाचे नाव येथे देत नाही, कोणाची खाजगी गोष्टही सांगत नाही. भाषेविषयी जे दिसले तेवढेच मांडतो.

१. पोफळीची भाषा

पोफळी हे नाव महाराष्ट्राला वीजगृहामुळे ठाऊक आहे. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, डोंगराच्या पोटात कोयनेचे भूमिगत वीजगृह आहे आणि १९६२ पासून तेथे वीज निर्माण होते. कोयना प्रकल्पाचे सर्व टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. प्रकल्पाबरोबर येथे वसाहत आली, घाटावरची माणसे आली. सातारा-कऱ्हाडकडची बोली, कोकणची बोली आणि कार्यालयातील कागदी मराठी अशा तीन मराठी येथे एकमेकींना भेटल्या. माझे वडील कोयनेच्या चौथ्या टप्प्याच्या कामावर रोजंदारीने होते. ते मुकादमाशी एक मराठी बोलत, साहेबाशी दुसरी आणि घरी तिसरी. लिहीत मात्र एकही नसत. अंगठा उठवत.

हा मुद्दा मी मुद्दाम मांडतो. आमच्या समाजात लिहिणे सुरू झाले ते गरजेपोटी आणि संघर्षापोटी. गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले ते अस्पृश्यतेला जाब विचारण्यासाठी. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले ते ज्यांना वाचा नव्हती त्यांच्यासाठी. पुढे अर्ज, ठराव, निवेदने, मग कथा, कविता, आत्मकथने आली. या सर्व लेखनाला प्रयोजन होते. पण ज्या लेखनाला काहीच प्रयोजन नसते, म्हणजे ‘जेवलास का’, ‘काय करतोय’, ‘उगाच’ असे नुसते बोलल्यासारखे लिहिणे, ते आमच्याकडे नव्हते. मुंबईच्या गिरणीत असलेल्या माणसाला घरून पत्र जायचे ते दुसऱ्याच्या हाताने लिहिलेले. नवरा-बायकोतील गोष्टसुद्धा आधी शाळेत जाणाऱ्या पोराला कळायची आणि मग पोस्टाच्या पेटीत पडायची.

आज वाडीतील प्रत्येक मुलगी दिवसातून कितीतरी वेळा स्वतःच्या बोटांनी, स्वतःच्या मनाचे, कोणालाही न विचारता लिहिते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि हे लेखन घरोघर पोचले. आमच्या इतिहासात एवढ्या संख्येने, एवढ्या सहजपणे आम्ही कधी लिहिले नव्हते. ही घटना ‘भाषा बिघडली’ या दोन शब्दांत गुंडाळता येणार नाही.

२. रोमन लिपी कोठून आली

ही मुले मराठी लिहितात, पण बहुतेक वेळा रोमन अक्षरांत. याला कोणी इंग्रजीचे वेड म्हणतात. वस्तुस्थिती वेगळी आहे.

मोबाईलवरचा जुना लघुसंदेश, ज्याला आपण एसएमएस म्हणतो, तो १४० बाइटांचा ठरवलेला होता. त्यात रोमन अक्षरे १६० मावत, देवनागरी चिन्हे मात्र फक्त ७०. शिवाय यंत्राच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी आणि पायमोडके अक्षर ही सगळी स्वतंत्र चिन्हे. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, यंत्र त्याची दहा चिन्हे मोजते. म्हणजे मराठी माणसाने मराठीत लिहिले की पैसे जास्त पडत. त्यातून अनेक स्वस्त फोनांवर देवनागरी दिसतच नसे, अक्षरांच्या जागी चौकोन उमटत. देवनागरीला युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ सालीच जागा मिळाली होती. पण कागदावर मिळालेली जागा गरिबाच्या हातातील यंत्रात उतरायला बराच काळ गेला. तोवर एका पिढीच्या बोटांना रोमनची सवय लागली, आणि धाकट्यांनी ती थोरल्यांकडून उचलली.

पण ही सवय आंधळी नाही. ‘करतोय’ हा शब्द आमची मुले के-आर-टी-ओ-वाय अशा पाच अक्षरांत लिहितात. इंग्रजी जाणणारा म्हणेल, यात स्वर गाळले आहेत. देवनागरीत हाच शब्द कसा लिहितो ते पाहा : क, र, तो, य. ‘क’ आणि ‘र’ यांतील ‘अ’ आपण लिहीतच नाही, तो अक्षरात मुरलेला असतो. लिहितो फक्त ‘तो’मधला ओकार. मुलानेही तेवढेच केले आहे. अक्षरे रोमन आहेत, पण लिहिण्याचे तत्त्व देवनागरीचे आहे. बाराखडी शिकलेल्या डोक्यानेच ते लिहिले आहे. ‘नाही’ या शब्दात मात्र ‘ना’चा कानाही गळतो आणि एन-एच-आय एवढेच उरते. ही झीज रोजच्या वापराने झालेली. नाण्यावरची अक्षरे झिजतात तशी.

इंग्रजी आणि हिंदी शब्द कोठे येतात हेही पाहण्यासारखे आहे. ‘सॉरी’, ‘मिस यू’, ‘लव्ह यू’ हे इंग्रजीत. ज्या भावना घरात मोठ्याने बोलल्या जात नाहीत त्या परक्या भाषेत सांगणे सोपे जाते. ऐट मारायची असेल तर हिंदी सिनेमातील वाक्य. चेष्टा, राग, जेवण, आजारपण आणि आईविषयीचे सगळे मराठीत. मुली एकमेकींना ‘भावा’ म्हणतात. भाषा येत नाही म्हणून हे मिश्रण होते असे दिसत नाही. कोणती गोष्ट कोणत्या भाषेत बोलायची याचा एक न लिहिलेला नियम ही मुले पाळतात.

३. ‘न’ आणि ‘ण’

आता मूळ विषयाकडे येतो.

मी पाचवीत असताना वर्गात ‘पानी’ म्हणालो. शाळेचे आणि गुरुजींचे नाव सांगण्याची गरज नाही. गुरुजींनी मला उभे करून तो शब्द दहा वेळा म्हणायला लावला, आणि दहाही वेळा वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्गात पाणी मागितले नाही. घरी आईने विचारले तेव्हा, ‘तान लागली नाय,’ असे सांगितले. त्या वाक्यातही ‘ण’चा ‘न’च होता.

‘न’ आणि ‘ण’ हा उच्चाराचा साधा फरक नाही. आपल्या समाजात तो माणसाची जात आणि वर्ग ओळखण्याचे साधन झाला आहे. प्रमाण मराठीचा जो साचा एकोणिसाव्या शतकात घडला, १८३१ च्या मोल्सवर्थच्या कोशातून आणि मेजर कँडीच्या देखरेखीखालील पाठ्यपुस्तकांतून पक्का झाला, त्याच्यामागे मुख्यतः पुण्याच्या शास्त्री-पंडितांची बोली होती. त्या साच्यात न बसणारे ते अशुद्ध. जोतीराव फुल्यांच्या विचारांना उत्तर देणे अवघड होते तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या व्याकरणाची टवाळी केली. आमच्या तालुक्याच्या गावाचे नाव आडनावात वागवणाऱ्या या शास्त्रीबुवांपासून आमच्या गुरुजींपर्यंत ही परंपरा अखंड आहे. साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार लेखननियम केले. त्यांनी लेखन थोडे सोपे झाले, पण ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ या शब्दांमागची सोवळी कल्पना गेली नाही. शुद्धाशुद्ध हे शब्द आम्हाला पाणवठ्यावरूनही परिचयाचे आहेत.

रोमन लिपीत एक गंमत होते. तिच्यात ‘न’ आणि ‘ण’ यांना एकच अक्षर आहे, ‘ल’ आणि ‘ळ’ यांनाही एकच. ‘पाणी’ म्हणणारा आणि ‘पानी’ म्हणणारा, दोघेही पी-ए-एन-आय हीच चार अक्षरे लिहितात. वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याची वाडी कळत नाही. ज्या भेदावरून माझा वर्ग हसला तो भेद लिपीनेच पुसून टाकला. माझ्या एका विद्यार्थिनीने हे नेमके सांगितले : ‘सर, देवनागरीत लिवायला भ्या वाटतं, चूक दिसंल. इंग्लिश अक्षरात चूक दिसत नाय.’ रोमन लिपी तिला प्रिय नाही, तिच्यामागे तिला आडोसा मिळतो एवढेच. आडोसा पूर्णही नाही. ‘शाळा’ आणि ‘साळा’ यांतला फरक रोमनमध्येही दिसतो, आणि बोललेला निरोप पाठवला की सगळेच उघडे पडते. म्हणून वाडीच्या गटात भरपूर बोलके निरोप पाठवणारा मुलगा वर्गाच्या गटात मुका होतो. तेथे तो अंगठ्याचे चित्र पाठवतो. माझ्या वडिलांचा अंगठा मला अशा वेळी आठवतो.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. नेटवर्क बंद पडेपर्यंत जे निरोप माझ्या फोनवर आले त्यांत ‘पानी वाढतंय’, ‘माळ्यावर गेलाव’, ‘आयेला घेतला’ असे शब्द होते. काही रोमनमध्ये, काही देवनागरीत. प्राध्यापकांचेही होते, वाडीतल्यांचेही. त्या सकाळी कोणी कोणाचा ‘न’ सुधारला नाही. संकटात जी भाषा पुरेशी असते ती एरवी अपुरी का ठरावी?

४. तू, तुम्ही आणि जयभीम

संबोधन हा समाजरचनेचा आरसा असतो. आमच्या आजोबांना सवर्णांचे लहान पोरही ‘तू’ म्हणे आणि आजोबा त्याला ‘तुम्ही’ म्हणत. रस्त्यात भेट झाली तर इतरांनी ‘रामराम’ म्हणावा, महाराने ‘जोहार’ म्हणावा, अशी रीत होती. आंबेडकरी चळवळीने ‘जोहार’ टाकायला लावला. त्याच्या जागी ‘जयभीम’ आला. हे अभिवादन कामठीचे बाबू हरदास यांनी १९३५ च्या सुमारास रूढ केले असे मानले जाते. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवणे ही किती मोठी क्रांती असते हे ज्याला कळत नाही त्याला आमच्या चळवळीचा अर्थ कळणार नाही.

मोबाईलवर आज समवयस्क मुले जात न पाहता एकमेकांना ‘तू’ म्हणतात, मोठ्यांना ‘दादा’, ‘ताई’, ‘सर’. हा ‘तू’ बरोबरीचा आहे. ही जमेची बाजू. पण दुसरी बाजूही आहे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या फोनवर मी सकाळचे दोन निरोप पाहिले, दोन मिनिटांच्या अंतराने धाडलेले. वाडीच्या गटात : ‘जयभीम’, पुढे निळे हृदय. वर्गाच्या गटात : ‘गुड मॉर्निंग’, पुढे फूल. मी कारण विचारले. तो म्हणाला, ‘तिथे उगाच विषय होतो, सर.’ नावापुढे त्याने आडनावही ठेवलेले नाही. बाबुराव बागुलांच्या कथासंग्रहाचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे होते. तो १९६३ साली प्रसिद्ध झाला. जात चोरण्याची जागा आता भाड्याच्या खोलीतून फोनच्या पडद्यावर आली आहे. चोरण्याची गरज तीच राहिली.

गटांचेही तसेच. कोकणातील गाव वाड्यांत विभागलेले असते, मोबाईलवरचे गटही वाडीवार असतात. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. कागदावरची नावे बदलता येतील. पण गावाच्या गटात आणि वाडीच्या गटात वेगवेगळी भाषा बोलावी लागते तोवर वेस आहे तेथेच आहे.

५. शोना भाषकांचे उदाहरण

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. आफ्रिकेतील झिम्बाब्वेमध्ये शोना ही सर्वांत मोठी भाषा. ब्रिटिश वसाहतीच्या काळात, १९३१ साली, डोक या भाषातज्ज्ञाच्या अहवालाने झेझुरू, करंगा, मन्यिका, कोरेकोरे, न्दाऊ अशा बोलींना एका लेखनपद्धतीखाली आणण्याची योजना मांडली. म्हणजे प्रमाणभाषा ठरवणारा हात तेथेही लोकांचा नव्हता. देश १९८० मध्ये स्वतंत्र झाला, आणि २०१३ च्या संविधानाने शोनासह सोळा भाषांना अधिकृत मान्यता दिली. तरी शाळा, नोकरी आणि प्रतिष्ठा यांची भाषा इंग्रजीच राहिली.

तेथील तरुणही व्हॉट्सअ‍ॅपवर शोना आणि इंग्रजी एकत्र विणतात. इंग्रजी ‘फोन’ला शोनाचा ‘कु’ जोडून ‘कुफोना’ होते. हा ‘कु’ म्हणजे आपल्या ‘करणे’, ‘जाणे’ यांतला ‘णे’. परका शब्द आला, पण त्याला व्याकरण आपले घालायला लावले. आपणही ‘डिलीट मार’, ‘सेंड कर’ असेच करतो. एकाला ‘म्होरो’ म्हणायचे, तर आदराने किंवा अनेकांना ‘म्होरोई’. आपल्या ‘तू-तुम्ही’सारखीच रीत. त्यातला ‘म्ह’ आपल्या ‘म्हणजे’तल्या ‘म्ह’चा सख्खा भाऊ शोभावा.

एक फरक मात्र मनाला लागतो. शोना समाजात प्रत्येक कुळाला एक कुलचिन्ह असते, सिंह, हृदय असे काही. एखाद्याला त्या कुलचिन्हाच्या नावाने हाक मारणे हा आदर समजला जातो. आपल्याकडे कुळाचे, म्हणजे आडनावाचे, विचारणे हे बहुधा माणसाला उतरंडीवर ठेवण्यासाठी असते. लिपी, यंत्र, वय, चेष्टेची हौस सगळे सारखे. पण तेथील तरुण कुळाचे नाव अभिमानाने सांगू शकतो आणि आमचा विद्यार्थी आडनाव पुसतो. हा फरक भाषेने निर्माण केलेला नाही. जातीने केला आहे.

६. लिहिलेला शब्द आणि जीविताचा प्रश्न

ही सारी चर्चा केवळ भाषाशास्त्राची नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरील गाण्याच्या रिंगटोनवरून झालेल्या वादातून एका दलित तरुणाचा खून झाल्याचे प्रकरण महाराष्ट्राने पाहिले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरील अफवेमुळे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारले. ज्यांची बोली आणि पोशाख वेगळे, ज्यांना गाव नाही, त्यांच्याविषयी अफवा लगेच खरी वाटते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. म्हणून तरुणांना सांगितले पाहिजे : जो निरोप ‘अमुक लोकांपासून सावध’ म्हणतो, तो पुढे धाडण्यापूर्वी ते ‘अमुक लोक’ आपणच असू शकलो असतो हे आठवा.

दुसरे, बोललेली शिवी हवेत विरते, लिहिलेली राहते. गटात कोणी जातिवाचक अपमान केला तर मुले रागाने तो निरोप पुसतात किंवा गट सोडतात. तसे करू नये. पडद्याचे छायाचित्र घ्यावे, पण त्यावरच विसंबू नये. मूळ निरोप फोनमध्ये तसाच ठेवावा, तारीख-वेळ आणि गटातील सदस्य दिसतील असे जपावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात मांडताना ठरावीक प्रमाणपत्र जोडावे लागते. पूर्वी ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये होती. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ पासून आहे. त्याचा आधार घ्यायचा तर पुरावा हातात पाहिजे, हे कार्यकर्त्यांनी प्रत्येक वाडीत समजावून सांगावे.

७. आपण काय करावे

शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्गाच्या गटात मुलाने लिहिलेला ‘न’ खोडून ‘ण’ करू नका. प्रमाणभाषा जरूर शिकवा. परीक्षेत, मुलाखतीत, न्यायालयात ती लागते आणि तिच्यावर आमचाही हक्क आहे. पण ती दुसरी भाषा म्हणून शिकवा. पहिल्या भाषेची लाज वाटायला लावून शिकवू नका. देवनागरीची भीती गेली पाहिजे. फोनवरच्या देवनागरी कळफलकाने सुचवलेले शब्द बहुतांशी छापील मराठीतले असतात. ‘नाय’, ‘तान’, ‘आये’ हे शब्द मुलांनी हट्टाने पुन्हा पुन्हा लिहिले तर यंत्रही ते शिकते, आणि पुढे छापील मराठीलाही ते शिकावे लागतील. या वर्षी मी वर्गाच्या गटात एक छोटा प्रयोग केला. आजी-आजोबांच्या तोंडचा एक शब्द रोज एकाने देवनागरीत लिहायचा, जसा बोलतात तसाच, आणि त्याखाली तो वापरून एक वाक्य. पहिले आठ दिवस कोणी लिहिले नाही. मग मी स्वतः लिहिले : ‘तान. मला तान लागली हाय.’ खाली एवढेच जोडले की हा शब्द मी पाचवीनंतर पहिल्यांदाच वर्गात म्हणतो आहे.

त्या दिवशी सतरा उत्तरे आली. अंगठ्याचे चित्र त्यांत एकही नव्हते. वर ज्या मुलाचा उल्लेख केला त्याचा शब्द शेवटचा होता. त्याने आजोबांचा शब्द लिहिला, ‘जोहार’, आणि खाली देवनागरीत वाक्य लिहिले : ‘माजा आजा जोहार बोलायचा, मी जयभीम बोलतो.’